बंद काचांच्या आतला वास

माझ्या पत्नीला दमा आहे. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तो उघड झाला आणि तेव्हापासून माझा एक कान कायम तिच्या छातीकडे लागलेला असतो. ती भांडी घासत असो की शेजारणीशी बोलत असो, तिच्या श्वासात फरक पडला की मला दुसऱ्या खोलीतून कळते. कुकरची शिटी होण्यापूर्वी जी बारीक सुरसुर येते, तसा तो आवाज असतो. तो ऐकू आला की हातातले काम तिथेच राहते.

व्यवसायाने मी अर्जनवीस आहे. घाटंजीच्या तहसील कचेरीच्या आवारात निंबाखाली माझे टेबल आहे. शिक्षण नववीपर्यंत झाले. दहावीच्या परीक्षेस बसण्याचा योग आला नाही. तथापि माझ्या मसुद्यातील एक शब्दही बदलण्याची गरज आजवर कोणत्याही बाबूला पडलेली नाही, आणि नवे वकील आपले कागद मला नजरेखालून घालावयास देतात, हे आवारातील कोणीही सांगेल. जन्माचे, जातीचे, फेरफाराचे, वारसाचे, सर्व प्रकारचे अर्ज माझ्या हातून गेले. ‘अर्जदाराची पत्नी मयत झाली असून’ हे शब्द मी किती वेळा लिहिले याची गणती नाही. लिहिताना हात कधी अडखळला नाही. मी सांगणार आहे त्या उन्हाळ्यानंतर अडखळू लागला.

दर पंधरा दिवसांनी तिला यवतमाळला छातीच्या डॉक्टरांकडे न्यावे लागते. एसटीमध्ये धूळ, गर्दी, कोणाच्या पिशवीतल्या सुक्या मिरच्या, कोणाच्या अंगाला लागलेला बिडीचा वास, आणि मागच्या बाकावरून मी तिच्या पाठीकडे पाहत बसलेला. हे टाळण्यासाठी मी दिग्रसच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याकडून जुनी चारचाकी विकत घेतली. गाडी पांढरी, सुस्थितीत, आणि मुख्य म्हणजे एसी बर्फासारखा गार. आवारात ती उभी केली तेव्हा शेजारच्या टेबलावरचा मुद्रांक विक्रेता म्हणाला, “वकीलसाहेब, आता अर्ज घरपोच देता काय?” मी हसलो. मनात मात्र मी एक गोष्ट पक्की केली होती. आता तिच्या नाकात बाहेरची धूळ जाणार नाही.

चालकाच्या दारावर एक लहान बटन असते. ते दाबून ठेवले की बाकीच्या काचा त्यांच्या त्यांच्या बटनांनी खाली होत नाहीत. ते मी पहिल्याच दिवशी दाबून ठेवले. वाटेत ट्रकचा धुरळा उठतो, उन्हाच्या झळा असतात, आणि तिला काच खाली करून बाहेर हात ठेवण्याची सवय. ही काळजी मी स्वतःहून घेतली, तिला सांगितली नाही.

दुसऱ्या खेपेला ती म्हणाली, “अहो, गाडीत कायचा तरी वास येऊन राह्यला.”

“कायचा?”

“ओल्या पोत्याचा. पावसात पोतं भिजून कोपऱ्यात पडलं की येते ना, तसा.”

मी दीर्घ श्वास घेतला. मला काही आले नाही. वीस वर्षे माझे टेबल आवारातील मुतारीपासून पंचवीस पावलांवर आहे. माझ्या नाकाने पुष्कळ गोष्टींची दखल घेणे सोडून दिले आहे. परंतु तिचे म्हणणे मी डावलले नाही. गार हवेला वास येत असेल तर काय करावे हे विदर्भात जन्मलेल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. कुलरच्या ताट्या बदलताना आम्ही त्यात वाळा घालतो आणि टाकीच्या पाण्यात खसाच्या अत्तराचे चार थेंब सोडतो. घर सुगंधाने भरून जाते. हवा गार करणारे यंत्र घरात असो की गाडीत, धर्म एकच, असे माझे मत होते.

मी बाजारातून वाळ्याची जुडी आणली. पुढच्या काचेच्या खाली, वायपरच्या मुळाशी, जी काळी जाळी असते तिथून गाडी हवा ओढते, एवढे मला ठाऊक होते. त्या जाळीवर वाळा नीट पसरून, दोऱ्याने बांधून, रोज सकाळी त्यावर अत्तराचे तांब्याभर पाणी शिंपडू लागलो. पहिल्या दिवशी खरोखरच गाडीत खसाचा वास दरवळला. ती म्हणाली, “लग्नघरात बसल्यासारखं वाटते.” त्या वाक्याने मी आठवडाभर खूश होतो.

मग तो वास परत आला. आता तो ओल्या पोत्याचा राहिला नव्हता. आंबलेला होता, आणि त्याच्यावर खसाचा गोडवा चढला होता, त्यामुळे तो अधिकच किळसवाणा झाला. आता तो मलाही येऊ लागला. एसी सुरू करताच पहिला झोत तोंडावर यायचा आणि घशात काहीतरी चिकटल्यासारखे व्हायचे. मी पाणी वाढवले. तांब्याचे दोन तांबे केले.

एकदा उतरताना ती म्हणाली, “माह्या पायाखाली ओलं लागते. चप्पल भिजली पाहा.”

“एसीचं पाणी असते ते. सगळ्याच गाड्यांचं गळते.”

“सगळ्यांचं रस्त्यावर गळते. आपलं कायले आत गळते?”

या प्रश्नावर मी विचार करावयास हवा होता. तहसीलदारसाहेबांची गाडी आवारात उभी राहिली की तिच्या पोटाखाली पाण्याचे डबके साचते, हे मी रोज पाहत होतो. माझ्या गाडीखाली जमीन कोरडी असे. हा मी माझ्या गाडीचा गुण समजत होतो. मुद्रांक विक्रेत्याला तसे बोलूनही दाखवले होते.

माझ्या व्यवसायाची एक रीत आहे. कोणीही रडत आला तरी मी पहिला प्रश्न विचारतो, गैरअर्जदार कोण? ज्याच्याविरुद्ध अर्ज करायचा तो माणूस ठरल्याशिवाय कागद सुरू होत नाही. तीच रीत मी घरी वापरली. गाडीला वास आहे. गाडी व्यापाऱ्याने विकली. सबब व्यापाऱ्याने दोष लपवला. मी बॉनेट उघडले नाही, पायाखालचा गालिचा उचलला नाही. टेबलावर बसून दोन पानी नोटीस लिहिली. ‘सदर वाहनातील दुर्गंधीमुळे माझ्या आजारी पत्नीच्या जीवितास धोका उत्पन्न झालेला असून त्यास आपण सर्वस्वी जबाबदार आहात.’ हे वाक्य मला फार चांगले साधले असे वाटले. नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवली, पावती खिशात ठेवली, आणि प्रकरण मार्गी लागल्याच्या समाधानात राहिलो. नोटीस निघाली की वास थांबत नाही, हे माझ्या ध्यानात आले नाही.

नोटिसीचे उत्तर येण्याआधी डॉक्टरांची तारीख आली.

दुपारी निघालो. रस्त्यावरून वाफा निघत होत्या. घाटंजी मागे पडून बराच वेळ झाला होता, दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी रानं, सावलीचे झाड क्वचित. ती पदर नाकाला लावून बसली होती. मी विचारले, “बंद करू काय एसी?” तिने मान हलवली, नको. नंतर मला कळले की ती मानेने नको म्हणत नव्हती. बोलता येईना म्हणून हलवत होती.

मला सुरसुर ऐकू आली. यंत्राच्या घरघरीत ती आधी कळली नाही. कळली तेव्हा ती सुरसुर राहिली नव्हती, प्रत्येक श्वासाला कापड फाटल्यासारखा आवाज होता. तिचा डावा हात दारावर चाचपडत होता. ती काचेचे बटन दाबत होती. पुन्हा पुन्हा दाबत होती. काच हलत नव्हती.

त्या क्षणी मला माझ्या बाजूचे बटन आठवले नाही. हे मी कबूल करतो. मी स्वतः दाबून ठेवलेले, माझ्या हाताखालचे बटन. मी गाडी कडेला घेतली, दार उघडून बाहेर पडलो, पुढून फिरून तिच्या बाजूला धावलो आणि तिचे दार खेचले. बाहेरची झळ भट्टीसारखी आत आली आणि तिने त्या झळेकडे तोंड करून, पाण्यातून वर आलेल्या माणसासारखा, श्वास ओढला. आत गेला त्याहून बाहेर कमी आला. तिचे ओठ जांभळ्या वांग्याच्या रंगाचे झाले होते.

“पंप,” मी म्हणालो, “पंप कोठी आहे?”

तिने पर्सकडे बोट केले. पर्समध्ये डॉक्टरांचे कागद, रुमाल, लिमलेटच्या गोळ्या, किल्ल्या. माझे हात, जे दिवसाला तीस पाने लिहितात, त्यांना एक चेन उघडेना. पंप सापडला तो मी उलटा धरून तिच्या तोंडाशी नेला. तिने माझ्या हातातून काढून घेतला, सरळ केला, हलवला, ओढला. एकदा. थांबून दुसऱ्यांदा.

जवळ बाभळीचे एक झुडूप होते. त्याच्या जेमतेम सावलीत ती गुडघ्यांवर हात ठेवून बसली आणि मी तिच्यापुढे उभा राहिलो, तिच्यावर माझी सावली पडावी म्हणून. रस्त्याने कोणी येत नव्हते. माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होते आणि ते मला थांबवता येत नव्हते. अर्जदाराची पत्नी. अर्जदाराची पत्नी दिनांक. पुढचा शब्द येऊ नये म्हणून मी तिचे श्वास मोजू लागलो. चाळीसपर्यंत मोजले. मग पुन्हा एकपासून.

बऱ्याच वेळाने ती बोलली. “काच काहून नाई उघडली?”

मी बाहेर पडलेले डॉक्टरांचे कागद गोळा करून पर्समध्ये ठेवू लागलो.

“बिघडली काय?”

“हो,” मी म्हणालो. “बिघडली.”

उरलेला रस्ता माझ्याकडच्या बटनांनी चारही काचा खाली करून, एसी बंद ठेवून गेलो. धूळ आली, झळ आली. ती डोळे मिटून तोंड वाऱ्याकडे धरून बसली होती, आणि मला दर मिनिटाला वाटे की डोळे झोपेने मिटले नाहीत.

दवाखान्यात तिला मशीनची वाफ दिली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावले. वयाने ते माझ्या पुतण्याएवढे असतील, पण त्यांच्यापुढे मी चपराशासारखा उभा राहिलो.

“घरात ओल आहे का कुठे? बुरशी?”

“नाही साहेब. गाडीत वास येतो. एसीचा.”

“किती दिवसांपासून?”

“महिना झाला.”

“महिनाभर तुम्ही यांना बुरशीच्या बंद डब्यात बसवून आणताय काका. या वेळी वाचल्या. गाडी साफ होईपर्यंत एसटीने आणा.”

‘या वेळी’ हे शब्द मी परतीच्या वाटेवर, नंतर घरी, नंतर टेबलावर, कितीदा ऐकले.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याचा फोन आला. नोटीस पोचली होती. मला वाटले होते तो वकिलामार्फत बोलेल. तो स्वतःच बोलला, आणि दुखावलेला होता.

“भाऊ, नोटीस कायले पाठवली? फोन नव्हता काय माह्या जवळ?”

मी म्हणालो, “विषय गंभीर आहे.”

“गंभीर तर हायेच. पण मी तुमाले गाडी देतानाच सांगतलं होतं ना? गाडी वर्षभर उभी होती, एसीची जाळी पहिले बदलून घ्या म्हनून. तुम्ही करारनामा वाचून राह्यलते. ‘हो हो’ म्हनले. आठवते काय?”

मला आठवले. त्याच्या जिनिंग कारखान्यातल्या खुर्चीवर बसून मी माझाच मसुदा तिसऱ्यांदा वाचत होतो, कारण तो फार उत्तम उतरला होता. तो माणूस समोर काहीतरी बोलत होता आणि मी कागदावरून डोळे न उचलता ‘हो हो’ म्हणालो होतो.

“वहिनीची तब्येत कशी हाये?” त्याने विचारले. मी फोन ठेवला.

त्याच दुपारी गाडी मिस्त्रीकडे नेली. आमच्या गावातला हा जुना मेकॅनिक, दाढी पांढरी झालेला; त्याच्या मुलींच्या शाळेचे अर्ज मीच लिहिले होते, म्हणून तो मला मुन्शीजी म्हणतो. त्याने बॉनेट उघडण्याआधीच काचेखालची जाळी पाहिली आणि कमरेवर हात ठेवले.

“मुन्शीजी, ये क्या है?”

“वाळा.”

“वाळा तो दिखता है. पर कायले? गाडीले कुलर समजले काय तुम्ही?” त्याने जाळी काढली. खाली वाळ्याच्या तुटलेल्या मुळ्यांचा काळा गोळा बसला होता, घरट्यासारखा, आणि त्याखाली पाणी साचलेले. “पानी जायले इथं भोक असते. ते तुमच्या खसनं बंद. मग पानी कुठं जाईन? आत.”

डॅशबोर्डच्या डाव्या बाजूचा खण त्याने सोडवला. त्यामागून हवेची जाळी ओढून काढली. ती कधीकाळी पांढरी असेल. माझ्यासमोर त्याने धरली ती हिरवी-काळी होती, तिच्यावर लव उगवली होती, आणि तिला पाणी सुटत होते. तो वास मोकळ्या हवेतही दोन पावले मागे सारणारा होता. मग त्याने पायाखालचा गालिचा उचलला. डाव्या बाजूचा. जिथे तिचे पाय असत. खालचा फोम काळा पडून कुजला होता.

“एसीचं पानी बाहेर टाकनारी नळी बी चिखलानं जाम हाये. गाडीखाली पानी पडत नव्हतं ना तुमच्या?”

“नाही.”

“तवाच यायचं होतं माह्याकडं.” तो हसत होता, माझा चेहरा पाहून थांबला. “भाभी ठीक है ना?”

मी तिथल्या टायरवर बसलो. महिनाभर रोज सकाळी अंघोळ करून, स्वच्छ तांब्याने, मी ती बुरशी शिंपून वाढवली होती. आणि ती हवा नेमकी तिच्या तोंडाकडे सोडून, काचा लावून, बटन दाबून ठेवले होते. ज्याला मी दोन पानांची नोटीस पाठवली तो आपल्या परीने सांगून मोकळा झाला होता. माझ्या सबंध आयुष्यात गैरअर्जदार शोधण्यात माझी अशी चूक झाली नव्हती.

मिस्त्रीने जाळी नवी घातली, आत फेसाचे औषध फवारले, नळी हवेच्या दाबाने मोकळी केली. फोम फेकून दिला. गाडी चार दिवस दारे उघडून उन्हात ठेवायला सांगितली. आणि एक गोष्ट बजावली: “घर यायच्या दोन किलोमीटर आधी एसी बंद करा, नुसता पंखा चालू ठेवा. आतली ओल सुकते. अत्तर-बित्तर काई नाई.”

घरी येऊन मी तिला सर्व सांगितले. वाळ्याचे, जाळीचे, व्यापाऱ्याचे. बटनाचे सर्वात शेवटी. ती तांदूळ निवडत होती. बटनाचे ऐकल्यावर तिचा हात ताटात थांबला.

“म्हंजे काच बिघडली नव्हती.”

“नव्हती.”

“मी दाबून राह्यली होती. मले वाटलं माह्या बोटात जोर नाई.” एवढेच बोलून ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. ती रागावली असती तर बरे झाले असते.

पुढची खेप तिने एसटीने केली. खिडकीपाशी बसली. मी तिच्यासोबत बसमध्ये बसावे की गाडी घेऊन यावे, हे मला ठरवता येईना. वाटेत काही झाले तर गाडी हवी. शेवटी मी रिकामी गाडी घेऊन बसच्या मागे मागे यवतमाळपर्यंत गेलो. खिडकीतून तिचे कोपर बाहेर दिसत होते. बस थांब्यावर थांबली आणि कोपर आत गेले की माझा हात दाराच्या कडीवर जाई. पुन्हा दिसले की मी गिअर टाकी. धुरळा माझ्या काचेवर साचत होता आणि मी त्यातून एक कोपर शोधत होतो. दवाखान्याच्या दारात ती म्हणाली, “बसचा कंडक्टर विचारत होता, मावशी, थे मागची गाडी तुमच्यावर पाळत ठेवून राह्यली काय?”

ती हसली. त्या उन्हाळ्यातले तिचे ते पहिले हसणे.

त्याच्या पुढच्या खेपेला ती गाडीत बसायला तयार झाली. मी सकाळपासून तयारी केली. गाडी अंगणात काढली, चारही काचा लावल्या, एसी पूर्ण वेगाने सुरू केला आणि तिच्या जागेवर, डाव्या बाजूला, स्वतः बसलो. नाक झोताला लावून दीर्घ श्वास घेतला. काही नाही. पण माझ्या नाकाचा काय भरवसा? शेजारच्या वहिनींना बोलावून बसवले; त्यांनाही काही आले नाही. मग वाकून गाडीखाली पाहिले. पाणी टपकत होते. मी त्या थेंबांकडे बराच वेळ पाहत राहिलो. दारातून ती म्हणाली, “झालं काय तुमचं? मी आता मरून नाई राह्यली. चला, नंबर जाईन.”

ती बसली. मी माझ्या दारावरचे ते बटन मोकळे केले, ते तिला दाखवले, आणि तिला म्हणालो, “एकदा उघडून पाहा.” तिने काच खाली केली. वर केली. पुन्हा खाली केली. मग एसीची हवा येऊ दिली, काच वर घेतली आणि हात दारावरच राहू दिला.

आता दर पंधरा दिवसांनी आम्ही असेच जातो. वास नाही. जाळी मी दोनदा बदलली, मुदतीच्या आधीच. व्यापाऱ्याला मी पत्र लिहून नोटीस मागे घेतली; ते पत्र लिहायला नोटिसीपेक्षा अधिक वेळ लागला. वारसाचे अर्ज अजूनही लिहितो, परंतु समोरच्या माणसाला आधी विचारतो, कशाने गेल्या? पूर्वी विचारत नसे, अर्जात ते लागत नाही.

ती यवतमाळपर्यंत पूर्ण वेळ बोट तिच्या काचेच्या बटनावर ठेवून बसते. दाबत नाही, नुसते ठेवते. डोळे मिटलेले असले तरी बोट तिथेच असते. मी रस्त्याकडे पाहतो, मग त्या बोटाकडे, मग पुन्हा रस्त्याकडे. यंत्राच्या घरघरीत कान लावून असतो. घाटंजी यायला दोन किलोमीटर उरले की एसी बंद करून नुसता पंखा ठेवतो, आणि तेव्हा गाडीत इतके शांत होते की तिचा श्वास स्पष्ट ऐकू येतो, आत जाणारा, आणि बाहेर येणारा.